खटका वाजला, पण लॉक पडलं का? मालगाडीच्या सीबीसी कपलरची जोडणी, सुटका आणि तपासणी

दोन वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, एकमेकींना टेकतात, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज होतो आणि नवा पॉइंट्समन (यार्डात डबे जोडणारा-सोडणारा कर्मचारी) लगेच लोको पायलटला पुढे जाण्याची खूण करतो. भुसावळच्या यार्डात, दीपनगरच्या कोळशाच्या सायडिंगवर किंवा कुठल्याही मालधक्क्यावर होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्या आवाजावरून फक्त नकल, म्हणजे कपलरचा फिरणारा जबडा, मिटल्याचं कळतं. त्याच्या मागे लॉक पडलं की नाही, हे आवाज सांगत नाही. कपलर, म्हणजे डबे जोडणारा हा सांधा, ‘ऑटोमॅटिक’ आहे तो मिटण्यापुरता. खात्री माणसालाच करावी लागते, आणि ती कशी करायची तेच इथे सविस्तर दिलं आहे.

आधी रचना समजून घ्या

उजव्या आणि डाव्या हाताची बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवा. सेंटर बफर कपलर, म्हणजे आपला सीबीसी, असाच अडकतो. या जातीच्या कपलरचं पेटंट अमेरिकेत एली जॅनी यांनी १८७३ मध्ये घेतलं. त्याआधी तिथे कडी आणि खिळीची जोडणी होती. ती बसवताना माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राही, आणि हात-बोटं चिरडणं हे रोजचंच होतं. १८९३ च्या कायद्याने तिथल्या रेल्वेंना स्वयंचलित कपलर सक्तीचा झाला. आपल्याकडच्या बॉक्सएन, बीसीएन यांसारख्या वाघिणींना त्याच घराण्यातला कपलर असतो: डोकं ‘ई’ प्रकारचं, दांडा ‘एफ’ प्रकारचा.

नकल म्हणजे बोटाचं पेर, तसाच वाकलेला, पिनेवर फिरणारा जबडा. त्याच्यासमोर डोक्याचाच पुढे आलेला ठाम हात असतो, तो गार्ड आर्म. नकलला मागे शेपूट असतं. नकल मिटला की शेपूट डोक्याच्या पोकळीत आत फिरतं, आणि वर उचललेलं लॉक खाली पडून त्या शेपटाची परतीची वाट अडवतं. नकल उघडताना त्याला बाहेर ढकलणारा तुकडा म्हणजे थ्रोअर. वाघिणीच्या बाजूला येणारं ऑपरेटिंग हँडल लॉक उचलतं. डोक्यामागचा दांडा योक (ड्राफ्ट गिअरला वेढणारी चौकट) आणि योक पिनेने ड्राफ्ट गिअरला जोडलेला असतो, आणि ओढ-दाबाचे धक्के ड्राफ्ट गिअर सोसतं.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लॉक खाली बसवायला स्प्रिंग नाही. ते केवळ स्वतःच्या वजनाने पडतं. कोळशाचा चुरा, उन्हाळ्यात वाऱ्याने उडणारी काळ्या मातीची धूळ, पावसाळ्यातला चिखल, रंगाचा थर, घासून आलेला काठ, यांपैकी काहीही लॉकला अर्ध्यावर अडकवू शकतं. असा अर्धवट जोड यार्डात सहज ओढला जातो. पुढे रुळाच्या खाचखळग्यांवर धक्के बसले की तो सुटतो.

जोडणी

१. उभी वाघीण आधी बांधा. हँडब्रेक आवळा, चाकाखाली लाकडी पाचर किंवा स्किड द्या. उतार डोळ्यांना दिसत नसला तरी हे टाळू नका.

२. येणारं इंजिन किंवा गाडी २० मीटर अलीकडे पूर्ण थांबवा. मगच दोन्ही कपलर पाहायला जा. गाडी हलत असताना दोन वाघिणींच्या मध्ये पाय टाकायचा नाही.

३. दोन्ही डोकी साधारण एका रेषेत आणि एका उंचीवर आहेत का ते बघा. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंतची उंची रिकाम्या वाघिणीला जास्तीत जास्त १,१०५ मिलिमीटर आणि भरलेल्या वाघिणीला कमीत कमी १,०३० मिलिमीटर असते. म्हणजे भरलेल्या-रिकाम्या वाघिणी शेजारी आल्या तर ७५ मिलिमीटरपर्यंतचा फरक नियमात बसूनही पडू शकतो. फरक जितका जास्त, तितकं दोन नकलांचं एकमेकांवरचं टेकणं कमी, आणि तेवढ्याच कमी जागेवर पूर्ण ओढ येते.

४. किमान एक नकल पूर्ण उघडा. हँडल शेवटपर्यंत उचला, थ्रोअर नकल बाहेर टाकेल. नकल अर्धवट उघडला तर त्याला हात घालण्याआधी नकल पिन जागेवर आहे का ते बघा. नकलचं वजन ३५ ते ४० किलोच्या घरात असतं. पिन नसलेला नकल ओढला तर तो सरळ पायावर येतो. नकल आणि गार्ड आर्म यांच्या मध्ये बोटं कधीच घालू नका. बाहेरून ढकला किंवा पहार वापरा.

५. दोन्ही नकल मिटलेले असताना गाडी टेकवली तर जोड होत नाही. धक्का सरळ डोक्यांवर आणि मागच्या स्ट्रायकर कास्टिंगवर (वाघिणीच्या टोकाच्या ओतीव भागावर) जातो. वळणावर तर एक डोकं दुसऱ्याच्या बाजूने निसटून पुढे घुसतं आणि हँडल, होज (ब्रेकच्या हवेची नळी), अँगल कॉक (त्या हवेची तोटी) तोडतं. म्हणून वळणाच्या सायडिंगवर दोन्ही नकल उघडे ठेवा आणि डोकी पहारीने मधोमध आणा. पायाने ढकलू नका.

६. चालण्याच्या वेगाने टेकवा. शंटिंगची, म्हणजे यार्डात डबे हलवण्याची, कमाल मर्यादा ताशी १५ किलोमीटर, आणि स्फोटकं किंवा पेट्रोलसारखा ज्वलनशील माल असेल तर ८ किलोमीटर आहे. ही मर्यादा शंटिंगच्या हालचालीची आहे, टेकवण्याची नव्हे. टेकवताना वेग याहून बराच कमी हवा. जोरात आपटल्याने लॉक नीट पडतं हा समज चुकीचा आहे. आपटून परत उडालेली वाघीण लॉकला पडायला वेळच देत नाही.

खात्री: नजर, ओढ आणि हवा

नजर. डोक्याच्या खालच्या बाजूला टेल-टेलची फट असते. वाकून, गरज पडली तर टॉर्च लावून, तिच्यातून लॉक पूर्ण खाली बसलंय का ते पाहा. लॉक वर अडकलं असेल तर फटीतला फरक लगेच दिसतो. एकदा पूर्ण बसलेलं लॉक कसं दिसतं ते रिकाम्या वेळी दहा-बारा वाघिणींवर पाहून डोळ्यांत बसवा. मग हँडल बघा. ते ब्रॅकेटमध्ये आपल्या जागी, खाली सैल लटकलेलं हवं. वर तरंगलेलं, वाकलेलं, तारेने बांधलेलं किंवा पत्र्यात अडकलेलं हँडल म्हणजे लॉकवर कायमचा हात ठेवल्यासारखं आहे. हँडल आपोआप फिरू नये म्हणून ब्रॅकेटला अटकाव असतो. तो तुटला असेल तर धावत्या गाडीत हँडल उसळतं आणि त्याबरोबर लॉकही उचललं जातं. जोड सुटलेल्या गाडीत कपलर धडधाकट सापडतो तेव्हा बऱ्याचदा हेच कारण निघतं.

ओढ. उभ्या वाघिणींचे हँडब्रेक तसेच ठेवून इंजिन हळू मागे घ्यायला सांगा, जोड ताणला जाईपर्यंतच. नकल उघडला तर इथेच उघडेल, आणि कोणाचंही नुकसान होणार नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती वगळण्यासारखी घाई कुठल्याही यार्डात नसते.

हवा. आता होज जोडायला मध्ये जायचं आहे, म्हणून लोको पायलटला आधी सांगा, त्याचं उत्तर ऐका आणि लाल झेंडी लावा. होजाच्या तोंडातला रबरी वॉशर बोटाने तपासा. खान्देशच्या उन्हात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि रबर कडक होऊन भेगाळतं. होज जुळल्यावर आधी रिकाम्या बाजूचा अँगल कॉक उघडा, मग हवा असलेल्या बाजूचा हळूहळू. ब्रेक पाइपमध्ये इंजिनकडे दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब हवा. ५६ वाघिणींपर्यंतच्या गाडीत शेवटच्या वाहनात किमान ४.८ आणि त्याहून लांब गाडीत ४.७ किलो मिळायला हवा. गळती मिनिटाला ०.२५ किलोच्या आत असावी. दाब शेवटपर्यंत पोहोचला म्हणजे मधले सगळे कॉक उघडे आहेत, हेही त्याच वेळी सिद्ध होतं.

हवा ही कपलरची जागा घेत नाही, पण कपलर सुटलाच तर होज ताणून उघडतात, ब्रेक पाइप रिकामा होतो आणि गाडीच्या दोन्ही तुकड्यांना ब्रेक लागतात. म्हणून बंद राहिलेला एक अँगल कॉक सैल कपलरइतकाच घातक आहे.

सोडताना

ताणलेल्या जोडाचं हँडल उचलत नाही, कारण शेपटाने लॉक घट्ट दाबून धरलेलं असतं. हँडलला पाइप लावून लोंबकळू नका, त्याने हँडल वाकतं आणि पुढच्या माणसाला फसवतं. इंजिन किंचित आत दाबायला सांगा, सैल मिळताच हँडल हलकं उचलतं. त्याआधी दोन्ही अँगल कॉक बंद करा. बंद स्थितीत मधल्या होजातली हवा व्हेंटमधून निघून जाते. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच होज वेगळे करा. दाबातला होज सुटला तर त्याचं लोखंडी तोंड चाबकासारखं फिरतं. हँडल उचलल्यावर लॉक सेट स्थितीत अडकून राहतं, मग ते धरून ठेवावं लागत नाही. इंजिन दूर गेलं की नकल आपोआप उघडतो. मागे राहणाऱ्या वाघिणी बांधल्या आहेत याची खात्री आधीच झालेली हवी.

केळीच्या पार्सल गाड्यांना जुन्या घडणीचे डबे असतील तर बाजूचे बफर आणि स्क्रू कपलिंग येतं. त्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे. तिथे मध्ये जाऊन आकडा टाकावा आणि स्क्रू आवळावा लागतो, सीबीसीच्या सवयीने तिथे वागू नका. नव्या घडणीच्या एलएचबी डब्यांचा कपलर मात्र याच कुळातला, ‘एच’ प्रकारचा टाइटलॉक आहे. तो वर-खाली सरकत नाही आणि त्याच्यात खेळ फार कमी असतो.

झीज आणि गेज

मिटलेल्या नकलच्या नाकापासून गार्ड आर्मपर्यंतचं अंतर नव्या कपलरला १२७ मिलिमीटर असतं. कारखान्यातून दुरुस्त होऊन येताना १३० पर्यंत चालतं, आणि चालू वापरात १३५ झालं की कपलर तसा ठेवायचा नाही. आधी नकल बदलून परत मोजा. अंतर कमी झालं तर दोष नकलमध्ये होता, नाही झालं तर लॉक किंवा डोकंच झिजलंय. डोळ्याने हे मिलिमीटर कळत नाहीत, गेज लावायलाच हवा.

नकल पिनकडे वेगळ्या नजरेने पाहा. योग्य कपलरमध्ये गाडीची ओढ पिनेवर येत नाही, ती नकलच्या आणि डोक्याच्या आतल्या उंचवट्यांवर येते. त्यामुळे वाकलेली किंवा दबलेली पिन नुसती बदलून भागत नाही. ते उंचवटे झिजले असल्याची ती खूण आहे.

ड्राफ्ट गिअरमधला मोकळा खेळ छोटा वाटतो, पण त्याची बेरीज मोठी होते. ५८ वाघिणींच्या रेकमध्ये ५७ जोड, प्रत्येक जोडाला दोन ड्राफ्ट गिअर. प्रत्येकात २५ मिलिमीटर खेळ धरला तर २,८५० मिलिमीटर झाले. म्हणजे पुढची वाघीण हलल्यावर शेवटची हलेपर्यंत जवळजवळ तीन मीटरचा झोका तयार होतो आणि तो एखाद्या जुन्या नकलवर येऊन आदळतो. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला पुढे इगतपुरी-कसारा घाटात ३७ ला १ असा उतार आहे. भुसावळला सोडलेला दोष तिथे उघडा पडतो.

नकल बदलणं

दोघांनी करा. वाघीण बांधा, दुसरी वाघीण लांब न्या, लाल झेंडी लावा. हँडल उचलून नकल उघडा. पिनेच्या खालच्या टोकाची स्प्लिट पिन काढा, नकलला खालून आधार द्या आणि पिन वर ओढून घ्या. नकल बाहेर आला की लॉक आणि थ्रोअर काढून पोकळी तारेच्या ब्रशने साफ करा. तेल, ग्रीस किंवा रंग आत लावू नका, धूळ धरून त्याचीच वडी होते. लावायचंच असेल तर कोरडी ग्रॅफाइट पूड. भाग परत बसवा, नवा नकल भोकाला जुळवा, पिन वरून टाका, खाली नवी स्प्लिट पिन घालून दोन्ही पाय उलटवा. तडा गेलेल्या नकलवर यार्डात वेल्डिंग करू नका. उष्णतेने त्या पोलादाचं बळ बिघडतं आणि तडा टाक्याच्या शेजारून पुन्हा निघतो.

मग तिन्ही स्थिती हाताने तपासा: मिटवल्यावर लॉक पडतं, हँडल उचलल्यावर लॉक सेट राहतं, आणखी उचलल्यावर नकल पूर्ण बाहेर येतो. तीनपैकी एक जरी अडली तरी ती वाघीण गाडीत लावायची नाही.

गाडी तुटलीच तर

तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा आणि तुटीचा पृष्ठभाग पुसू नका. त्यावर काळपट, गंजलेला भाग असेल तर तडा जुना होता, उरलेला चकचकीत दाणेदार भाग त्या दिवशी तुटला. काळा भाग मोठा असेल तर तपासणीत तडा सुटला होता. सगळी तूट ताजी असेल तर धक्क्याचं कारण शोधा: मागच्या वाघिणींचे ब्रेक सुटण्याआधी इंजिनाने ओढ घेतली होती का, एखादा हँडब्रेक लागलेला राहिला होता का. नकल शाबूत आणि मिटलेला सापडला तर उंचीतला फरक मोजा. शाबूत पण उघडा असेल तर हँडल, अटकाव आणि लॉक बघा. आणि कपलर दांड्यासकट बाहेर आला असेल तर योक पिनेच्या आधारपट्टीचे बोल्ट शोधा. ते गळाले की पिन खाली उतरते, आणि रुळांमध्ये पडलेला कपलर मागची वाघीण रुळावरून उतरवू शकतो. म्हणून गाडी यार्डात उभी असतानाच प्रत्येक वाघिणीखाली वाकून ते बोल्ट हातोडीने ठोकून पाहा. घट्ट बोल्टचा आवाज टणक येतो, सैलाचा बद्द.