अरापायमाचा श्वास समजून घेताना या चुका टाळा

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील अरापायमा हा गोड्या पाण्यातील सर्वांत मोठ्या माशांपैकी एक असून त्याची लांबी दोन मीटरच्या पुढे सहज जाते. दर 10 ते 20 मिनिटांनी तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, आणि या सवयीचा चुकीचा अर्थ लावल्यामुळेच मत्स्यालयांत व तलावांत अनेक अडचणी उद्भवतात.

मासा वर आला की पाण्यात प्राणवायू कमी पडला, असे समजणे ही पहिली चूक. प्रौढ अरापायमाची वाताशय, म्हणजे पोटातील हवेची पिशवी, घशाशी जोडलेली असून आतून रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याने व्यापलेली असते. ती फुप्फुसाचे काम करते आणि लागणारा बहुतांश प्राणवायू हवेतूनच मिळवते. त्यामुळे झाकण पाण्याला टेकलेले असेल किंवा पकडताना जाळे पाण्याखाली ताणून धरले असेल, तर भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही हा मासा गुदमरून मरतो. पृष्ठभाग आणि झाकण यांत मोकळी हवा राहिलीच पाहिजे.

याच्या उलट टोकाची चूक अधिक घातक आहे. हवा घेणाऱ्या माशाला पाणी कसेही चालते, असे मानून पाणी बदलण्यात हयगय केली जाते. परंतु कार्बन डायऑक्साइड मुख्यतः कल्ल्यांवाटेच बाहेर पडतो आणि शरीरातील क्षारांचा तोलही कल्ले सांभाळतात. साचलेल्या अमोनियाचा त्रास त्यालाही होतोच.

पिल्लांना प्रौढांचे नियम लावू नयेत. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू कल्ल्यांनीच श्वास घेते. साधारण 10 ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या कल्ल्यांवर बारीक पटले (पातळ पडद्यांसारख्या घड्या) स्पष्ट दिसतात, तर एक किलोच्या माशात त्यांच्यामधील जागा पेशींनी भरून गेलेली असते. अगदी लहान पिल्लांच्या टाकीत मात्र एअर पंप हवाच.

आपली मरळही हवा घेते, म्हणून दोघांची रचना एकच मानणे योग्य नाही. मरळीचे श्वसन वाताशयातून नव्हे, तर कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतून होते.

टाकीला न मावणारा अरापायमा नदीत सोडणे ही तर अक्षम्य चूक आहे. केरळमध्ये 2018 च्या पुरानंतर तो नैसर्गिक जलप्रवाहांत सापडला. मोठा मांसभक्षक मासा असल्याने तो स्थानिक माशांवर ताव मारू शकतो, आणि प्राणवायू घटलेल्या पाण्यात ते मासे तग धरत नाहीत तेव्हाही हा जगू शकतो.