वीज जात असताना हार्डडिस्कवरून एसएसडीवर

मालवणात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. वहिनीच्या लॅपटॉपवर होमस्टेचा सगळा हिशेब, आणि हार्डडिस्क मरायला टेकलेली. सगळं नव्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपच्या डिस्कवर) न्यायचं होतं, पण डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं क्लोनिंग सॉफ्टवेअर एका ठिकाणी वाचनाच्या चुकीवर अडकायचं आणि तिथेच थांबायचं.

शेवटी उपयोगी पडलं डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा उतरवून घेणारं लिनक्सवरचं साधन. आधी कामाच्या फाइल्स वेगळ्या काढल्या. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून एसएसडी यूएसबी अडॅप्टरने जोडली. हे साधन चांगला भाग आधी उचलतं, खराब सेक्टर (डिस्कचे न वाचता येणारे तुकडे) मागे ठेवतं आणि कुठवर आलो ते मॅपफाइलमध्ये लिहितं. मी ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली. लाइट गेली, जुनी बॅटरी बसली, तरी तीच कमांड पुन्हा दिल्यावर काम तिथूनच पुढे सुरू! आपल्याकडे याहून मोलाची सोय नाही.

कमांडमध्ये जुनी डिस्क आधी, नवी नंतर; उलट झालं तर सगळा डेटा जातो. शिवाय ४८० जीबीची एसएसडी ५०० जीबीच्या डिस्कला पुरत नाही, माप बघूनच घ्या.

खाऱ्या हवेने गंजलेले स्क्रू तेलाच्या थेंबाने सुटले. एसएसडी बसवून चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवलं. विंडोज आणि हिशेब दोन्ही उघडले.