डेकवर पाय सटकतोय? फायबरच्या शिडाच्या बोटीचं नॉन-स्किड स्वतःच करा

बोट एका कुशीवर झुकलीये, तुम्ही जिब (पुढचं शीड) उतरवायला पुढं गेलाय आणि पाय सर्रकन सटकला, की मग कळतं नॉन-स्किड, म्हणजे डेकवरचा पाय न घसरू देणारा खरखरीत पृष्ठभाग, कशाशी खातात ते. माझी बोट २४ फुटी, सेकंड हँड, आणि मास्टच्या (डोलकाठीच्या) दोन्ही बाजूंना जिथं सगळ्यात जास्त वावर तिथली साच्यातून आलेली शंकरपाळ्यांची नक्षी झिजून पार सपाट झालेली. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, असतो मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, किती वर्षं टिकणार बिचारा. यावर उपाय म्हणजे डेकवर वाळू टाकून रंग मारणं.

आधी साबणाचं पाणी आणि कडक ब्रश घेऊन डेक घासून बघा, कारण कधीकधी नक्षी शाबूत असते, खाचांत नुसता मळ बसलेला असतो, नाहीतर आधीच्या मालकाने हौसेने डेकला पॉलिश मारलेलं असतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक, ठप्प आवाज आला तर फायबरच्या दोन थरांमधलं बाल्साचं हलकं लाकूड भिजलं असेल किंवा फायबर सुटलं असेल, तसं असेल तर रंगाचं सोडा आणि आधी ते दुरुस्त करा. पाणी बहुतेक वेळा स्टँशन (कठड्याचे खांब) आणि क्लीट (दोर बांधायचे खुंटे) यांच्या बोल्टांतून शिरतं.

आता मेण. माझी पहिल्या वेळची सगळी मेहनत इथेच वाया गेली, पुढच्या सीझनला रंगाचे पापुद्रे पापडासारखे निघाले! बोट साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं मेण आणि नंतरचं पॉलिश खाचांत वर्षानुवर्षं बसलेलं असतं, आणि आपण घाईघाईत आधी पॉलिश पेपर मारतो म्हणजे ते मेण चरांमध्ये आणखी आत दाबून बसवतो. म्हणून आधी सॉल्व्हेंट, मगच पेपर. दोन फडकी घ्यायची, एक सॉल्व्हेंटमध्ये भिजवलेलं आणि मागोमाग दुसरं कोरडं, थोडी थोडी जागा करत जायचं आणि फडकी सारखी बदलायची, एकच फडकं फिरवत बसलात तर मेण निघत नाही, नुसतं पसरतं. शेवटी पाणी शिंपडा, थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर मेण आहे, सलग पसरलं तर गेलं.

मग ८० नंबरचा पेपर, चमक पूर्ण जाईपर्यंत. खाचांत पेपर पोचत नाही, तिथं वायर ब्रश किंवा खरखरीत स्कॉच-ब्राइट. केसासारखे तडे असतील तर नुसती लांबी फासू नका, तडा कोरून व्ही आकाराचा करा आणि इपॉक्सीची लांबी भरा, ती सुकल्यावर वर चिकट थर येतो तो पाण्याने धुवून मगच घासा.

टेप लावताना विंच (दोर ओढायचं चाक), क्लीट, हॅच (डेकवरचं झाकण) यांच्याभोवती दीड-दोन इंच गुळगुळीत पट्टी सोडा, दिसायलाही बरं आणि कोपऱ्यात मळही साठत नाही. कोपरे गोल ठेवा, मी डब्याचं झाकण ठेवून आखले, टोकदार कोपऱ्यातून रंग आधी उचकटतो.

इपॉक्सी प्रायमर झाला की दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग रोलरने लावायचा आणि ओला असतानाच वर वाळू भुरभुरायची, प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला भोकं पाडली की मस्त मीठदाणी होते. हात आखडू नका, ओला रंग दिसेनासा होईपर्यंत टाका. सुकल्यावर सुटी वाळू झाडून वर रंगाचे आणखी दोन हात. वाळू रंगातच कालवतात काही जण, पण ती तळाशी बसते आणि मग कुठं जाड कुठं पातळ. समुद्राची वाळू चुकूनही नको, मीठ आत राहिलं की फोड येणार, धुतलेली कोरडी सिलिका घ्या. बारीक रव्याएवढा दाणा पुरे. मी एकदा इडली रव्याएवढा घेतला होता, पकड जबरदस्त, पण गुडघे सोलवटले आणि कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत) बसून बसून चड्ड्यांची वाट लागली ती वेगळीच.

मुंबईकडे हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत रंग नीट धरत नाही. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, फक्त सकाळी दव पूर्ण वाळू द्या आणि दुपारी लवकर आवरा, नाहीतर संध्याकाळच्या दवाने चमक मरते. मेमध्ये डेक इतका तापतो की रोलर फिरवता फिरवता रंग ओढायला लागतो. रंग फिकट राखाडी किंवा क्रीम घ्या, पांढरा डोळ्यांवर येतो आणि गडद रंगावर अनवाणी उभं राहून दाखवा! एकावेळी थोडाच मिसळा, उन्हात डब्यातच घट्ट होतो. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा कापडी मास्क चालत नाही, केमिकलच्या वाफेचा फिल्टरवाला मास्क आणि हातमोजे हवेतच, आणि स्प्रे तर घरी अजिबात मारू नका.

टेप शेवटचा हात ओलसर असतानाच ओढा, कडक झाल्यावर ओढलात तर कडेची वाळू दातेरी निघते आणि मग ब्लेड घेऊन बसा दिवसभर. आणि हो, दोन टप्प्यांत करा, आधी डावी बाजू मग उजवी, नाहीतर माझ्यासारखे ओल्या डेकच्या मधोमध अडकून पडाल.