एकाच अंगात गोपी आणि कृष्ण: अभिनयातला पलटा कसा बसवावा

पलटा म्हणजे एकाच नर्तकाने एका पात्रातून दुसऱ्या पात्रात जाणं. गाण्याच्या ओळीचा अर्थ कळला आहे, हस्त (हातांच्या मुद्रा) बसले आहेत, तालाचा हिशेब पक्का आहे असं धरून चालू. प्रसंग नेहमीचाच घेऊ: गोपी पाणी भरून निघाली आहे आणि कृष्ण तिची वाट अडवतो. कथकचा गतभाव (हालचाल आणि अभिनयातून प्रसंग सांगणं) असो की भरतनाट्यममधलं पद (अभिनयाला वाव देणारी रचना), दोन्ही पात्रं एकाच अंगातून दिसायला हवीत.

१. दिशा ठरवा. गोपी उजव्या कोपऱ्याकडे बघते, कृष्ण डाव्या. 45 अंश वळणं पुरे. त्याहून जास्त वळलात तर प्रेक्षकाला अर्धाच चेहरा मिळतो.

२. नजरेची उंची ठरवा. कृष्ण उंच, म्हणून गोपीची नजर डोळ्यांच्या रेषेच्या चार बोटं वर, कृष्णाची तितकीच खाली. यशोदा आणि बाळकृष्ण असतील तर आईची नजर कमरेइतकी खाली उतरते. भिंतीवर खडूने दोन खुणा करा आणि दर वेळी त्यांच्यावरच बघा.

३. उभं राहणं वेगळं ठेवा. गोपीचे खांदे किंचित आत, पाय जवळ. कृष्ण त्रिभंगात (मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वाकलेलं अंग), वजन एका पायावर.

४. आता पलटा. सगळं बिघडतं ते इथेच. पाय वळतात वेळेवर, पण चेहरा आधीच पुढच्या पात्रात गेलेला असतो. वळता वळता प्रेक्षकाला गोपीच्या अंगावर कृष्णाचं मिश्कील हसू दिसतं आणि कोण कोणाला छेडतंय तेच कळेनासं होतं.

क्रम असा ठेवा. मध्य लयीतल्या, म्हणजे मध्यम गतीच्या तीनतालात (16 मात्रांचा ताल) 13 व्या मात्रेवर गोपीचा भाव थांबवा. पुसू नका, आहे तसा धरून ठेवा. 14 व्या मात्रेवर श्वास सोडत पापण्या खाली आणा. चेहरा रिकामा होतो तो इथे. 15 आणि 16 मध्ये चवड्यावर वळा. सगळा पाय आपटलात तर घुंगरू ओरडतात. समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कृष्णाचं अंग पूर्ण उभं राहिलं पाहिजे, आणि नजर उचलायची ती दुसऱ्या मात्रेवर, सगळ्यात शेवटी. डोळे आधी उघडले की पलटा फुकट गेला. हे जमल्यावरच वळण एका मात्रेत आणा. सुरुवातीलाच गरकन वळायला शिकवणाऱ्यांचं ऐकू नका. वेगाने गोंधळ झाकला जात नाही, उलट उघडा पडतो.

वस्तूंचं भान इथेच सुटतं. डोक्यावरची घागर धरलेला हात कृष्ण होताना सुटणारच, पण परत गोपी झाल्यावर आधी तो हात त्याच उंचीवर गेला पाहिजे, मग चेहऱ्यावर राग. हात विसरलात की घागर हवेत विरते. कृष्णाने खडा मारला तर त्याची नजर खड्यामागे जाऊन जिथे थांबली, गोपी नेमकी तिथेच दचकते. कृष्णाने घागरीकडे बघायचं आणि गोपीने खांदा चोळायचा, ही चूक फार दिसते.

आणखी एक. ओळ चार वेळा गायली जाते म्हणून चारही वेळा पात्र बदलू नका. दोन पलटे पुरे. उरलेल्या दोन आवर्तनांत गोपीला नुसतं ऐकू द्या. समोरच्याचं बोलणं तिच्या भुवईवर उमटलं की कृष्ण न दाखवताही दिसतो.

५. तपासणी. ‘आरशात चेहरा बघून भाव बसवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. आरशात नजर स्वतःवर अडकते आणि खुणा हुकतात. आरसा फक्त त्रिभंग तपासायला वापरा. समोरून मोबाईलवर चित्रण करा, आवाज बंद करा आणि प्रसंग माहीत नसलेल्या कोणालाही दाखवा. कोणत्या क्षणी कोण बोलतंय हे त्याला सांगता आलं नाही, तर तेवढाच पलटा पुन्हा चार मात्रांवर घ्या.