परक्या भाषेत ‘मी तयार आहे’ म्हणताना या चुका टाळा

मराठीतील ‘तयार’ हा शब्द बोलणारा पुरुष असो वा स्त्री, माणूस असो वा माल, एक असो वा अनेक, कोठेही बदलत नाही. सोलापुरात फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्यांच्या आणि परदेशी ग्राहकांना टॉवेल पाठवणाऱ्यांच्या बऱ्याच चुका या सवयीतून होतात.

फ्रेंचमध्ये पुरुषाने ‘ज स्वी प्रे’ आणि स्त्रीने ‘ज स्वी प्रेत’ म्हणावयाचे असते. पुल्लिंगी रूपाच्या शेवटीही ‘त’चे अक्षर लिहितात, पण ते सहसा उच्चारत नाहीत; त्यामुळे केवळ पुस्तकावरून शिकलेला मुलगा ते उच्चारून नकळत स्त्रीलिंगी बोलून जातो, तर एखादी मुलगी मराठी कानाला अशुभ वाटणारा तो उच्चार टाळण्यासाठी पुल्लिंगी रूप वापरते. हा संकोच सोडावा. फ्रेंच माणसाच्या मनात तेथे काहीही अभद्र येत नाही. घरी कन्नड बोलणाऱ्यांना ‘सिद्धनिद्देने’ आणि ‘सिद्धळिद्देने’ हा भेद ठाऊक असल्याने त्यांना हे लवकर उमगावे.

मालाबद्दल लिहिताना लिंग मराठीवरून ठरवू नये. आपला टॉवेल पुल्लिंगी असला, तरी फ्रेंच ‘सेर्व्येत’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून टॉवेल तयार असल्याचे ‘ले सेर्व्येत सों प्रेत’ असे कळवावे. यातील ‘प्रेत’ लिहिताना अनेकवचनाचे अक्षर जोडावे लागते, मात्र ते ऐकू येत नाही. ‘ज स्वी प्रे आ पार्तीर’ म्हणजे मी निघायला तयार आहे. ‘आ’च्या जागी ‘द’ घातल्यास ऐकणारा तेथे ‘जवळ’ या अर्थाचा, त्याच उच्चाराचा दुसरा शब्द धरतो आणि ‘मी निघण्याच्या बेतात आहे’ असे समजतो.

जर्मनमध्ये लिंगाची अडचण नाही, अर्थाची आहे. ‘इश बिन फेर्टिश’ याचा अर्थ प्रसंगानुसार ‘मी तयार आहे’, ‘माझे काम संपले’ किंवा ‘मी पार थकलो’ असा होतो. एखादे काम अंगावर घेण्याची तयारी दाखवायची असेल, तर ‘इश बिन बेराइट’ म्हणावे; शिजलेल्या जेवणाला मात्र ‘फेर्टिश’च योग्य.

स्पॅनिशमध्ये ‘एस्तोय लिस्तो’ म्हणावे, स्त्रीने ‘लिस्ता’. तेथे ‘सोय लिस्तो’ म्हटल्यास आपण स्वतःला हुशार म्हणवून घेतो, आणि मुलाखतीत ते फारसे शोभत नाही.