व्ही, डब्ल्यू की वाय? वेगवान गाडीला टायर घेताना

साताऱ्यात हायवेला टायरचं दुकान म्हटलं की ट्रकचे आणि उसाच्या ट्रॉलीचे टायर, असं वडिलांच्या काळात होतं. आता कऱ्हाड, वाई, फलटणकडून अठरा-एकोणीस इंची मॅगव्हीलच्या गाड्या येतात. बहुतेक पुण्यातून सेकंडहँड घेतलेल्या, मालक पंचविशी-तिशीतला, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काका, ह्यात स्वस्तातलं काय बसंल?" बसायला बरंच काही बसतं. साईज जुळली की रिमवर टायर चढतोच. पण अशा गाडीत साईजनंतर लिहिलेलं जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

मोबाईलची बॅटरी लावा आणि टायरच्या बाजूला बसा. समजा लिहिलंय : २२५/४० झेडआर १८ ९२ वाय एक्सएल. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४० म्हणजे साईडवॉलची, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूची, उंची रुंदीच्या चाळीस टक्के, १८ इंची रिम. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं ९२ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन, ६३० किलो. वाय म्हणजे वेगाचं अक्षर, ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. आणि एक्सएल म्हणजे त्याच साईजमध्ये जादा वजन पेलणारा.

अक्षरांचा क्रम असा : टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. एच हा यू-च्या मागून येतो, यू २०० ला आहे, त्यामुळे एबीसीडी म्हणत शोधू नका, चुकाल. झेडआर दिसलं की टायर २४० च्या वरचा, पण नेमका किती ते शेवटचं अक्षरच सांगतं. वजनाचा आकडा आणि वाय दोन्ही मिळून कंसात असतील तर तो ३०० च्याही पुढचा. तसली गाडी दारात असेल तर तुम्हाला माझी गरज नाही.

आता निवडायचं कसं? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. तिथं कंपनीने साईज, वजनाचा आकडा आणि अक्षर तिन्ही दिलेलं असतं. त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलं तर चालतं. सध्या लावलेल्या टायरवर मात्र विश्वास ठेवू नका. आधीच्या मालकाने विकायच्या आधी काय मिळेल ते बसवलेलं असू शकतं. स्टिकर सापडला नाही तर गाडीचा टॉप स्पीड बघा. २५० वर लॉक केलेल्या गाडीला व्ही पुरत नाही, किमान डब्ल्यू लागतो.

इथं हमखास कुणीतरी हसतो. "काका, शंभरच्या वर कॅमेरा फोटो काढतोय, तीनशेचं काय करू?" प्रश्न रास्त आहे. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर सपाटीलाही कारला शंभरची मर्यादा, घाटात त्याहून कमी. त्या अक्षराएवढं पळवायचंच असेल तर मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, खंबाटकीचा उतार त्यासाठी नाही. तरीही वरचं अक्षर का घ्यायचं, ते टायर आतून कसा असतो हे कळल्यावर पटतं.

टायरला मारते ती उष्णता. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि सुटला की पूर्ववत होतो. वेग वाढला की त्याला पूर्ववत व्हायला वेळच मिळत नाही, आणि टेकलेला भाग जिथं सुटतो तिथून मागं रबरात लाट उठते. ती लाट उभी राहिली की टायर मिनिटांत तापतो आणि आतला स्टीलचा पट्टा रबरापासून सुटायला लागतो. वरच्या अक्षराच्या टायरमध्ये स्टीलच्या पट्ट्यावर नायलॉनचा, महागात ॲरामिड या मजबूत धाग्याचा पट्टा गुंडाळलेला असतो. तो सगळं आवळून धरतो. अशा टायरचा नमुना चाचणीत ड्रमवर तासभर, टप्प्याटप्प्याने वेग वाढवत फिरवलेला असतो. पण हवा बरोबर, टायर नवा, वजन ठरलेलं आणि भोक एकही नाही, अशा अवस्थेत. तुमची गाडी मे महिन्यात चाळीस अंशांत, डिकीत सामान, मागं दोघं आणि हवा चार पौंड कमी, अशी लोणंद-फलटणकडं निघते, तेव्हा त्या अक्षरातला बराचसा राखीव भाग आधीच खर्च झालेला असतो. शिवाय कंपनीने सस्पेन्शन आणि ब्रेक त्याच कडक साईडवॉलच्या हिशोबाने जुळवलेत. यवतेश्वरच्या घाटात खाली उतरताना मऊ टायर वळणावर हेलकावतो, ते स्टेअरिंगला कळतं.

वजनाचा आकडा हा खरा चकवा आहे. २२५/४० आर १८ हीच साईज ८८ मध्येही मिळते आणि ९२ एक्सएलमध्येही. ८८ म्हणजे ५६० किलो. शंभर-दीडशेच्या वेगाला तोही पुरतो असं वाटतं. पण अक्षराच्या टोकाच्या वेगाला टायर पूर्ण वजन पेलत नाही. व्ही टायरची क्षमता २१० नंतर उतरत जाते आणि २४० ला ९१ टक्के उरते. डब्ल्यूची २४० नंतर उतरते आणि २७० ला ८५ टक्के होते. वायचंही तसंच, २७० पासून ३०० पर्यंत. आता धरून चालू की माणसं-सामानासकट गाडी १९०० किलोची, आणि त्यातलं ५५ टक्के वजन पुढच्या चाकांवर. म्हणजे पुढच्या एका टायरवर साधारण ५२२ किलो. ८८ व्ही टायर २४० ला पेलणार ५१० किलो. कागदावरच कमी पडला. तोच ९२ वाय असता तर २७० पर्यंत पूर्ण ६३० किलो. म्हणून अक्षर बघताना शेजारचा आकडाही बघा. दुकानदार "फक्त अक्षर तेच आहे ना" म्हणाला तर त्याला हा हिशोब मांडून दाखवा.

चारही चाकांना एकच अक्षर असावं. पैशाअभावी जोडीच घ्यायची असेल तर एका एक्सलवर दोन्ही टायर सारखेच हवेत, आणि गाडीचा वेग सगळ्यात कमी अक्षराला बांधला जातो हे लक्षात ठेवा. चांगली नक्षी शिल्लक असलेली जोडी मागं लावा. पुढचा घसरला तर गाडी सरळ जाते, मागचा घसरला की गोल फिरते, आणि पावसात काससारख्या रस्त्यावर फिरायला जागा नसते. पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांच्या टायरवर अनुक्रमे एन, तारा, एमओ, एओ अशा खुणा सापडतात. त्या त्या कंपनीने तपासून मान्य केलेला टायर, एवढाच अर्थ. त्या खुणेचा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर साईज-वजन-अक्षर पाळून चांगल्या कंपनीचा घ्या. निदान चारही एकाच डिझाईनचे घ्या.

बाजूला टेम्परेचर ए असंही छापलेलं असतं आणि विकणारा ते दाखवून कौतुक करतो. तो अमेरिकन तक्ता आहे. ए म्हणजे ताशी ११५ मैलांच्या, म्हणजे साधारण १८५ किलोमीटरच्या वर टिकणारा, बस. आपल्याला हवं ते अक्षर याहून बरंच पुढं आहे. आणि वाय म्हणजे पकड जास्त असंही नाही. पावसातली पकड रबरावर आणि नक्षीवर ठरते, वेगळी तपासावी लागते.

आपल्याकडं खरी अडचण वयाची. या साईजचे टायर छोट्या गावात पटकन खपत नाहीत, रॅकवर पडून राहतात. शिवाय २०२० च्या जूनमध्ये केंद्राने टायर आयातीवर बंधनं घातली, तेव्हापासून काही साईज मागवायला वेळ लागतो, आणि मग कुणीतरी "पडून असलेला माल" गळ्यात मारतो. डॉट या अक्षरांपाठोपाठच्या रांगेतले शेवटचे चार आकडे वाचा : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही आकडे फक्त एकाच बाजूला असतात, म्हणून बसवण्याआधी जमिनीवर पालथा करून बघा. आयएसआयचा शिक्का हवाच. दोन वर्षांवरचा टायर मी तरी नव्याच्या भावाने घेणार नाही. आणि तुमची गाडी रविवारीच बाहेर पडत असेल तर नक्षी दिसायला छान राहते, पण रबर आतून कडक होत जातं. सहा वर्षं झाली की नखाने दाबून बघा, साईडवॉलवर बारीक चिरा आहेत का बघा.

पंक्चर काढणाऱ्याकडं काडी मारून घेतलेला टायर परत त्या वेगाचा राहत नाही. भोक नक्षीच्या मधोमध आणि लहान असेल तर टायर उतरवून आतून मशरूमच्या आकाराचा पॅच लावून घ्या, तरी वेग आवरा. साईडवॉलला खिळा किंवा फुगा असेल तर टायर बाद, तिथं चर्चा नाही. चाळीस प्रोफाईलला खड्डा बसला की फुगा लगेच दिसतोच असं नाही, दोन दिवसांनी पुन्हा हात फिरवून बघा. आणि बारीक स्टेपनी लावून ८० च्या पुढं जाऊ नका, तिच्यावर ते लिहिलेलंच असतं.

हवा थंड टायरमध्ये, स्टिकरच्या आकड्याप्रमाणे. युरोपियन गाड्यांच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, सहलीला जाताना तो घ्या. आकडा बारमध्ये असेल तर १४.५ ने गुणलं की पौंड येतात. नवे टायर बसवल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर रबरावर साच्यातलं गुळगुळीत द्रव्य राहतं, त्यामुळे बसवल्या दिवशीच घाट नको. शंभर किलोमीटर झाल्यावर परत या, नट टॉर्क रेंचने तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.