इंग्रजीतील ‘सिन्स’ कसा वापरावा

नोकरीच्या अर्जांत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स लास्ट टू इयर्स’ हे वाक्य सर्रास आढळते. मराठी कानाला ते खटकत नाही, याचे कारण आपले ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय ‘२०१९पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ अशा दोन्ही ठिकाणी बिनबोभाट चालते. इंग्रजीत मात्र ही दोन कामे दोन शब्दांकडे आहेत: काळ जिथून सुरू झाला तो क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’, आणि मधला अवधी सांगायचा असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स’ लिहिण्यापूर्वी त्यापुढच्या शब्दांना ‘कधी?’ हा प्रश्न विचारावा. ‘सोमवारी’, ‘२०१९ साली’, ‘लहानपणी’ असे उत्तर आले तर ‘सिन्स’ योग्य, परंतु ‘किती काळ?’ याचे उत्तर येत असेल तर ‘फॉर’ घ्यावा. म्हणून ‘सिन्स लास्ट इयर’ बरोबर आहे, पण ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ चूक. तिथे ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ असे लिहावे, आणि त्यातील ‘द’ गाळू नये.

वरच्या वाक्यातील दुसरी चूक क्रियापदाची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक चिवट आहे. ‘मी इथे २०१९पासून काम करतो’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीत तेव्हा सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी पूर्ण किंवा चालू-पूर्ण वर्तमानकाळ लागतो. त्यामुळे ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९’ हे शुद्ध वाक्य होय. कथन भूतकाळातले असेल तर ‘हॅव’च्या जागी ‘हॅड’ येतो: ‘ही हॅड बीन इल सिन्स मंडे’.

‘सिन्स’पुढे संपूर्ण उपवाक्यही येऊ शकते. ‘आय हॅव नोन हर सिन्स वुई वेअर इन स्कूल’ या वाक्यात मुख्य क्रियापद पूर्ण वर्तमानकाळात असून उपवाक्यातील क्रियापद साध्या भूतकाळात आहे. ‘तिने पुणे सोडून दहा वर्षे झाली’ हे सांगताना तर अवधी आधी येतो आणि घटना ‘सिन्स’नंतर: ‘इट इज टेन इयर्स सिन्स शी लेफ्ट पुणे’. इथे ‘इट हॅज बीन’ही चालते.

‘त्यानंतर आजतागायत’ या अर्थाने ‘सिन्स’ वाक्याच्या शेवटी एकटाही येतो: ‘शी लेफ्ट इन २०१५ अँड हॅज नॉट कम बॅक सिन्स’.

कारण सांगणारा ‘सिन्स’ मात्र वेगळा आहे. ‘सिन्स यू आर हिअर, लेट अस बिगिन’ म्हणजे ज्याअर्थी तुम्ही आलाच आहात, त्याअर्थी सुरुवात करू. ऐकणाऱ्याला बहुधा आधीच ठाऊक असलेले कारण असे सांगतात, ‘का?’ या थेट प्रश्नाच्या उत्तरात ‘बिकॉज’ लागतो. या अर्थी काळाचे वरील बंधन उरत नाही. तथापि ‘सिन्स ही लेफ्ट, द वर्क हॅज स्टॉप्ड’ या वाक्यातून ‘तो गेल्यापासून’ आणि ‘तो गेल्यामुळे’ असे दोन्ही अर्थ निघतात, तेव्हा कार्यालयीन पत्रात कारणच सांगायचे असल्यास ‘बिकॉज’ वापरणे श्रेयस्कर.